भंगारातून रेकॉर्ड धुण्याचं यंत्र

सुईवाला (धागाकर्ता)

ग्रामोफोनची रेकॉर्ड कशी धुवावी, असं इथे दर पावसाळ्यानंतर कुणीतरी विचारतं आणि उत्तरंही ठरलेली येतात. कोमट पाणी, थोडा शांपू, मऊ फडकं, मग पंख्याखाली वाळवा. बाकी सगळं एक वेळ चालून जाईल, ते 'वाळवा' तेवढं चालत नाही. एल्पीची (मोठ्या प्लास्टिक रेकॉर्डची) खाच वरच्या तोंडाशी जेमतेम ०.०५ मिलिमीटर रुंद असते. साबणाने मळ सुटला म्हणजे आता त्या खाचेत गढूळ पाणी आहे. ते पंख्याखाली उडून गेलं की मळ तिथेच राहतो, आधीपेक्षा घट्ट, आणि वर साबणाचा थर. फडकं तळापर्यंत पोचतच नाही. वरवरचं पाणी टिपलं जातं आणि आपल्याला वाटतं, झाली कोरडी. मग लावल्यावर पहिल्या गाण्यातच सुईच्या टोकाला करडं बोंडूक धरतं.

तेव्हा गढूळ पाणी वाळायच्या आत ओढून घ्यायचं, एवढंच या यंत्राचं काम. ब्रिटनमध्ये कीथ मंक्स यांचं यंत्र १९६९ च्या सुमारास बीबीसीत गेलं तेही याच कामासाठी, आणि आजची महागडी यंत्रंही हेच करतात. इकडे ती आयात करावी लागतात आणि त्या पैशांत एक बरा टर्नटेबल येतो. मी सगळं भंगारातून जमवलं. जमवाजमव पुण्यातली: थोडा जुना बाजार, थोडी तपकीर गल्ली, बाकी ओळखीतल्यांचे माळे.

फिरवायला मारुती ८०० च्या वायपरची मोटर. आत वर्म गिअर असल्याने ताकद भरपूर. १२ व्होल्टवर ती मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस फेरे घेते, हा वेग आपल्याला फार होतो, पाणी कडेने उडतं. म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) घेतला. त्याची हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो, आणि मोटरला पिवळ्या (१२ व्होल्ट) ऐवजी लाल (५ व्होल्ट) वायर दिली की फेरे सतरा-अठरावर येतात. वेगळा रेग्युलेटर लागत नाही.

मोटरच्या दांड्यावर २५ सेंटिमीटरची प्लायची चकती, वर सनमायका, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर. मधला खुंट म्हणजे ६ मिमीचा बोल्ट. रेकॉर्डचं भोक साधारण ७.२ मिमी असतं, त्यामुळे नुसता बोल्ट ढिला पडतो. त्यावर हीटश्रिंक (तापवली की आवळणाऱ्या) नळीचे थर चढवले की बरोबर बसतो. वरून १० सेंटिमीटरची रबर लावलेली दुसरी चकती आणि विंगनट. ही वरची चकती फार महत्त्वाची. एक तर ती लेबल झाकते, आणि दुसरं, हवेची ओढ सुरू झाली की रेकॉर्ड जागेवर घसरते, ते ती होऊ देत नाही.

आता ओढणारी नळी. यात खरी मेख आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. हॅकसॉच्या फ्रेमला दोन पाती एकत्र लावा, म्हणजे एका कापात दीड-दोन मिलिमीटर रुंद चीर पडते. पाइपच्या तोंडाकडून आत लांबीच्या दिशेने ९० मिमी कापायचं आणि तोंड एम-सीलने बुजवायचं. बुजवलेलं टोक लेबलकडे, चिरेचा शेवट रेकॉर्डच्या काठाशी. चीर काठाबाहेर गेली तर तिथूनच फुकटची हवा आत येते आणि खाचेतल्या पाण्यावर जोर राहत नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंना मखमलीच्या पट्ट्या. मी सराफाच्या जुन्या डब्यांतली मखमल काढली. तिची लव आखूड आणि दाट असते. ड्रेसच्या कापडाची मखमल लांब लवेची, ती ओली झाली की चिरेत ओढली जाते आणि चीर बुजते. पट्टी चिकटवताना लवेवरून बोट फिरवून पाहा, एका दिशेने मऊ लागते, उलट्या दिशेने अडते. रेकॉर्ड फिरेल त्या दिशेने मऊ लागली पाहिजे.

व्हॅक्युम क्लीनर घरातला जुना, कोरड्या कचऱ्याचा. अशा क्लीनरमध्ये ओढलेली हवा मोटरच्या वेटोळ्यांतूनच जाते. त्यात पाणी गेलं तर मोटर तर जाईलच, शॉकही बसेल. म्हणून मधे पाच लिटरची दुधाची स्टीलची किटली. झाकणाला दोन भोकं: रेकॉर्डकडून येणारी नळी आत खोलवर, क्लीनरकडे जाणारी झाकणाच्या लगत. पाणी खाली पडतं, हवा वर निघून जाते. झाकणाखाली ट्यूबची रिंग. प्लास्टिकचा पातळ डबा चेपतो आणि काचेच्या बरणीचा भरवसा नाही. किटली अर्ध्याच्या वर भरू द्यायची नाही.

चालवताना: रेकॉर्ड फिरती ठेवून बाटलीने पाणी सोडायचं, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने दोन्हीकडे फिरवायचं, अर्धा मिनिट मुरू द्यायचं, मग नळी टेकवून क्लीनर चालू. आधी सूं असा आवाज येतो, मखमल टेकली की तो जाड होतो. तीन-चार फेऱ्यांत खेळ खलास. त्याहून जास्त ओढत बसलात तर कोरड्या मखमलीच्या घर्षणाने रेकॉर्डवर स्थिर वीज साठते आणि खोलीतली सगळी धूळ तिच्यावर येऊन बसते. शेवटी साध्या पाण्याचा एक हात आणि पुन्हा ओढणं. पहिल्या रेकॉर्डीनंतर किटली उघडून पाहाच.

चिंचपोकळीकर

जबरदस्त. वाखुसा (वाचनखूण साठवली). मुंबईत हे सगळं कुर्ल्याला एका फेरीत मिळेल. एक शंका: पाणी कुठलं? आमच्याकडे आरओ आहे.

सुईवाला

आरओ नको. त्यातही क्षार उरतातच, आणि वाळल्यावर तेच खाचेत बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डीमिनरलाइज्ड पाणी आणा, पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. फक्त दुकानदाराला 'बॅटरीचं पाणी' म्हणून सांगताना तो अ‍ॅसिडचा कॅन देत नाहीये ना ते बघून घ्या.

रेवा_ठाणे

एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी चालेल ना? तेही डिस्टिल्डच की.

सुईवाला

तत्त्वतः हो, पण ते कॉइलवरची धूळ, बुरशी, धातूचा अंश घेऊन खाली येतं. झाडांना घाला.

गॅरेजवाला

मायक्रोवेव्हच्या थाळीखालची मोटर का नाही वापरली? मिनिटाला ५ फेरे, आयती २३० व्होल्ट, एसएमपीएस वगैरे काही नको. माझ्याकडे दोन पडल्यात.

सुईवाला

आवर्जून सांगावं असं कारण आहे. ती सिंक्रोनस मोटर असते, तिला दिशा नसते. सुरू होताना जिकडे सोपं पडेल तिकडे फिरते, आणि अडली की मुकाट उलटी फिरायला लागते. मायक्रोवेव्हमध्ये कुणाला फरक पडत नाही, आपल्या मखमलीला पडतो. शिवाय जोर कमी. नळी ओढ धरून रेकॉर्डला चिकटली की जो अडथळा येतो तो या मोटरच्या कुवतीच्या अगदी काठावर आहे. नुसतं ब्रशने धुवायला उत्तम, ओढायला नाही. आणि लेबल वाचून मगच जोडा. काही मायक्रोवेव्हमधल्या मोटरी २१ व्होल्टच्या असतात, २३० दिले तर धूर.

न्यूजर्सीकर

त्यावर ५/६ फेरे असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तिकडे ५० हर्ट्झवर ५, इकडे ६० वर ६. बाकी मी मात्र अल्ट्रासॉनिकच्या (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी धुण्याच्या) पक्षातला. सहा लिटरची टाकी, ४० किलोहर्ट्झ, वर आडव्या दांड्यावर रेकॉर्डी उभ्या लावायच्या आणि सावकाश फिरवायच्या. दांडा फिरवायला बार्बेक्यूची मोटर. खाचेच्या तळाशी ब्रश जात नाही, पाण्यातले फुटणारे सूक्ष्म बुडबुडे जातात. धागाकर्त्यांची पद्धत गेल्या शतकातली झाली.

सुईवाला

रेकॉर्डीही गेल्या शतकातल्याच आहेत हो.

विनोद सोडा, अल्ट्रासॉनिकशी माझं भांडण नाही. पण टाकीतून बाहेर काढलेली रेकॉर्ड ओली असते आणि टाकीतलं पाणी पहिल्या दोन रेकॉर्डींनंतर स्वच्छ नसतं. ते पाणी खाचेतून कोण काढणार? फिरून आपण नळीशीच येतो.

न्यूजर्सीकर

मान्य. मीही शेवटी ओढूनच घेतो. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पाण्यात ४० किलोहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३७ मिमी असते, तेव्हा चार इंचात पाच रेकॉर्डी कोंबल्या तर मधल्यांना काही मिळत नाही. दोन-तीनच लावा, ऐसपैस. आणि टाकी चालू राहिली की पाणी आपोआप तापतं. ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, एल्पी म्हणजे शेवटी पीव्हीसी, वाकली की संपलं. चष्म्याच्या दुकानातलं छोटं यंत्र यासाठी निरुपयोगी.

शाहूपुरी

कोल्हापुरातून हजेरी. मी फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर केलंय आणि व्हॅक्युम क्लीनरवाल्यांनी रागावू नये, पण रात्री अकरा वाजता शेजारी न उठवता रेकॉर्ड धुता येते ती फक्त यावर.

कॉम्प्रेसरची ओढ क्लीनरपेक्षा किती तरी जास्त, पण हवा अगदी थोडी. हिशेब करा: सिलिंडर ६ सीसी धरला आणि मिनिटाला २९०० फेरे, तर सगळं मिळून मिनिटाला १७ लिटर. क्लीनर त्याच्या शंभरपट हवा खेचतो. त्यामुळे कॉम्प्रेसरला ९० मिमीची चीर लावली तर काहीच होत नाही, नुसता श्वास. त्याला एका टोकाचं बारीक तोंड लागतं, एक-दीड मिमीचं. मंक्स पद्धत तीच. तोंड आणि रेकॉर्ड यांच्यामध्ये नायलॉनचा दोरा, म्हणजे तोंड खाचेवर घासत नाही, आणि दोरा रिळावरून हळूहळू सरकत राहतो म्हणजे मळलेला भाग पुन्हा टेकत नाही. तोंड लेबलकडून काठाकडे सावकाश न्यायचं. एका बाजूला दीड-दोन मिनिटं लागतात. हात सरकवायला मी मेलेल्या प्रिंटरची सळई आणि पट्टा वापरला, तोंड उद्यमनगरात लेथवर पितळेत काढून घेतलं. माझ्या यंत्रात विकत घेतलेली तेवढी एकच गोष्ट.

कॉम्प्रेसर उभाच ठेवायचा, आत तेल असतं. बाहेर फेकलेल्या हवेत तेलाचा धूर येतो, ती नळी खिडकीबाहेर. पाण्याचे सापळे दोन, एकामागे एक, कारण कॉम्प्रेसरला थेंबभर पाणीही सोसत नाही. गॅस आधीच गेलेला कॉम्प्रेसर भंगारातून आणा, चालू फ्रिजची नळी स्वतः कापू नका. हल्लीच्या कित्येक फ्रिजांत आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेतो.

सुईवाला

वा! याचा स्वतंत्र धागा काढा. फोटोंसकट.

हेमंतराव

एवढा खटाटोप कशाला? फेविकॉल पसरायचा, वाळला की सालीसारखा सोलून काढायचा. सगळा मळ त्याच्याबरोबर येतो. व्हिडिओ आहेत ढिगाने.

गॅरेजवाला

व्हिडिओत सोलून न निघालेली रेकॉर्ड कोणी दाखवत नाही.

सुईवाला

जाड थर दिला आणि पूर्ण वाळू दिला तर एल्पीवरून निघतो, खोटं नाही. पण एका बाजूला एक रात्र जाते, आणि थर कुठे पातळ राहिला तर तो तुकडा खाचेत कायमचा. लाखेच्या (एल्पीच्या आधीच्या काळातल्या) रेकॉर्डवर तर हा प्रयोग नकोच.

वेंगुर्लेकर

मला उशिरा सापडला हा धागा. आजोबांची पेटी उघडली आहे. साधारण साठेक रेकॉर्डी, एचएमव्ही, ओडियन, यंग इंडिया, बहुतेक नाट्यसंगीत आणि थोडं भजन. सगळ्यांवर पांढरी बुरशी, आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून ठेवलं आहे. बुरशी मारायला पाण्यात किती टक्के घालू?

सुईवाला

थांबा! एक थेंबही नको. त्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी आहेत, म्हणजे लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात की. खाचांच्या भिंती मऊ पडतात आणि पुसता पुसता गाणंच पुसलं जातं. अल्कोहोल चालतं ते फक्त एल्पी आणि ईपीला (तशाच छोट्या रेकॉर्डीला), तेही १० टक्क्यांपर्यंत.

तुमच्या पेटीसाठी असं करा. आधी प्रत्येक रेकॉर्ड नखाने काठावर हलकेच टिचकी मारून ऐका. भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, ती यंत्रावर चढवू नका, हवेच्या ओढीने तुकडा निघेल. कोरडी बुरशी आधी अंगणात, मऊ ब्रशने, तोंडाला मास्क लावून झाडा. घरात झाडलीत तर बाकीच्या पेटीला लागण. मग डीमिनरलाइज्ड पाणी आणि बिनवासाच्या सौम्य साबणाचे लिटरला दोन-तीन थेंब, पाणी कोमट नको, साधं. भिजवून ठेवायचं नाही, ब्रश फिरवला की लगेच ओढायचं. साध्या पाण्याचा हात दोनदा. लेबलवर पाणी जाऊ देऊ नका, जुन्या लेबलांची शाई सुटते.

आणि लाखेसाठी नळी वेगळी करा. या रेकॉर्डी १० इंची, माझी ९० मिमीची चीर काठाबाहेर दोन-अडीच सेंटिमीटर लोंबेल. ७० मिमी पुरे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लाखेत दगडाची पूड मुद्दाम घातलेली असते, पोलादी सुई घासून खाचेच्या आकाराला यावी म्हणून. ती पूड आणि झिजलेल्या सुयांचा चुरा मखमलीत बसतो. तीच मखमल नंतर एल्पीवर टेकवली तर चरेच चरे.

आक्का_सांगली

@वेंगुर्लेकर, बुरशी धुतल्यावर जिथे होती तिथे मंद डाग राहतील. तिने लाख खाल्लेली असते, तो आवाज जाणार नाही. मन घट्ट करा. पण बाकीची खरखर निम्म्याने तरी उतरते, आमच्याकडच्या पेटीवरून सांगते. आणि धुतलेली रेकॉर्ड परत त्याच जुन्या कागदी पाकिटात घालू नका बाई. सगळी बुरशी तिथेच बसलेली असते. जुनी पाकिटं फेकूही नका, त्यांवर दुकानांचे शिक्के, जुन्या जाहिराती असतात. वेगळी ठेवा.

वेंगुर्लेकर

वाचलो. बाटली बायकोच्या ताब्यात दिली आहे. दोघांचेही आभार. (अवांतर: आक्का, मी बाई नाही.)

आक्का_सांगली

सवयीने गेलं हो. 😄

विद्युतमंडळ

कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, आडनावाला जागून. पाणी, २३० व्होल्ट आणि भंगारातलं यंत्र एकाच टेबलावर आहे. ज्या सॉकेटवर लावाल तिथे ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवीच. एसएमपीएस टेबलाखाली नाही, टेबलापासून लांब आणि उंचावर. त्याच्या पेटीला अर्थिंग, किटलीलाही अर्थिंगची वायर जोडा, कोरडी हवा प्लास्टिकच्या नळीतून जाताना स्टीलवर चार्ज साठतो आणि झटका बसतो. आणि अल्कोहोलवाल्यांनो, क्लीनरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात, आणि तुमची अल्कोहोलची वाफ त्यांच्यावरूनच जाते. १० टक्के म्हणजे १० टक्केच. 'जरा स्ट्राँग करून पाहू' नको. खिडकी उघडी.

सुईवाला

मूळ लेखात हे यायलाच हवं होतं. संपादकांना विनंती, हा प्रतिसाद वर चिकटवता आला तर बघा.

रेवा_ठाणे

प्लायच्या चकतीऐवजी लाकडी पोळपाट चालेल का? आमच्याकडे एक बिनवापराचा आहे, आकारही बरोबर तेवढाच.

गॅरेजवाला

पाय कापा, वॉर्निश मारा, चालेल. घरी विचारून मग कापा.

चिंचपोकळीकर

मोटर मिळाली! पण तिला पाच वायरी आहेत. कुठली कुठे?

सुईवाला

त्यातल्या दोन पार्किंगच्या, म्हणजे काच पुसून वायपर खाली येऊन थांबावा म्हणून. त्या सोडून द्या, टोकं टेपने झाका. उरलेल्या तिघींत एक कॉमन, एक हळू, एक जलद. मल्टिमीटर नसेल तर ५ व्होल्ट देऊन जोड्या लावून पाहा, सगळ्यांत सावकाश फिरेल ती जोडी आपली. काही मोटरींत कॉमन बॉडीलाच जोडलेलं असतं, म्हणून मोटर प्लायवरच बसवा, लोखंडी चौकटीवर नको. जोडीतल्या दोन वायरी उलटवल्या की उलटी फिरते. मी मधे एक दोन बाजूंचा स्विच टाकला आहे, एकदा सुलट, एकदा उलट ब्रश फिरवायला. ओढताना मात्र सुलटच.